मशीनच सगळं ओळखते तर आपण रात्री जागून गॅलेक्स्या काऊन पाहायच्या?

कूलरसमोरची_मावशी (नागपूर)
रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवते.

मागच्या उन्हाळ्यापासून मी गॅलेक्सी झूवर गॅलेक्स्या ओळखायचं काम करून राहिली आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दुर्बिणीने काढलेला एका गॅलेक्सीचा फोटो येतो आणि सोबत प्रश्न येतात, ही नुसती गुळगुळीत आहे की हिच्यात काही नक्षी दिसते, कडेवरून दिसून राहिली का, मधोमध पट्टा आहे का, हात किती, घट्ट गुंडाळलेले की सैल, दुसरीशी धडकून राहिली का. आपण बटण दाबायचं की पुढचा फोटो. पोरं झोपली की कूलरसमोर खुर्ची ओढते, पंचवीस-तीस फोटो करते आणि मग झोपते. मी कॉमर्सवाली बाई, विज्ञान दहावीलाच सुटलं, पण कदाचित हे आधी कोणीच नीट पाहिलं नसेल असं वाटते ना, ती मजा सिरियलमध्ये नाही.

तर झालं असं की रविवारी भाचा आला, थर्ड इयर इंजिनीअरिंग, कॉम्प्युटर. तर्री पोहे खाता खाता माझ्या मोबाईलमध्ये डोकावला आणि म्हणे, मावशी हे तर एआय सेकंदात करते, तू त्याला फुकटात ट्युशन देऊन राहिली, उद्या तेच तुला घरी बसवणार. मी म्हटलं बाबा मी घरीच बसली आहे. सगळे हसले, पण ते डोक्यात राहिलं.

दुसरं म्हणजे परवा एक फोटो आला. पिवळट गोळा आणि त्याच्या एका बाजूला फिकट निळसर कोर, कापलेल्या नखाएवढी बारीक. मी पाच मिनिटं झूम करून पाहात बसली. गॅलेक्सीचा हात म्हणू, मागची दुसरी गॅलेक्सी म्हणू, की कॅमेऱ्याचा डाग? शेवटी नक्षी आहे असं दाबलं आणि पुढे गेली. झोपेपर्यंत वाटत राहिलं की चुकलं.

आता सांगा, भाचा म्हणतो ते खरं आहे का? मशीनला येते तर मला काऊन विचारतात? आणि माझं चुकलं असेल तर मशीनही चुकीचंच शिकणार ना?

---

पॅरामीटर_पोहे
रात्री १२:३१

ताई, मी मिहानमधल्या एका कंपनीत मशीन लर्निंगचंच काम करतो, आकाश हा नुसता छंद. तुमचा भाचा अर्धा बरोबर आहे, उरलेल्या अर्ध्यात खरी गंमत आहे.

आधी थोडं मागचं. जुलै २००७ मध्ये हे सुरू झालं तेव्हा स्लोन सर्व्हेकडे (दुर्बिणीने आकाशाचे फोटो काढून नोंदी ठेवणारा प्रकल्प) ९ लाखांच्या आसपास गॅलेक्सींचे फोटो पडून होते आणि ऑक्सफर्डला केविन शाविन्स्की नावाचा पीएचडीचा पोरगा एकट्याने ५० हजार फोटो डोळ्यांनी पाहून पार पिकला होता. त्याने, ख्रिस लिंटॉटने आणि आणखी काही जणांनी मिळून वेबसाईट टाकली आणि पहिल्या वर्षातच दीड लाखावर लोकांनी ५ कोटींच्या वर मतं दिली. एकेक गॅलेक्सी सरासरी चाळीसेक लोकांच्या डोळ्याखालून गेली. तेव्हा कॉम्प्युटरला हे धड जमत नव्हतं म्हणून माणसं बोलावली, इतकं साधं होतं.

मग कॉम्प्युटरला जमायला लागलं. २०१३-१४ मध्ये गॅलेक्सी झूच्या पुढच्या फेरीतल्या मतांवर एक जाहीर स्पर्धा झाली होती, कॅगल नावाच्या मशीन लर्निंग स्पर्धांच्या साईटवर, ती सँडर डीलमन नावाच्या पोराने जिंकली. त्या स्पर्धेत मशीनला काय विचारलं होतं ते पाहा. गॅलेक्सी गोल आहे का हे विचारलंच नाही. विचारलं की किती टक्के लोक गोल म्हणतील, किती टक्के पट्टा आहे म्हणतील, असे ३७ आकडे दर फोटोमागे सांग. म्हणजे मशीनला शिकवतात ती लोकांमध्ये पडलेली फूट. तुम्ही पाच मिनिटं अडकलात ना, तसे चाळीसपैकी अठरा अडकले असतील तर मशीनला "इथे माणसं अडकतात" हे शिकायचं असते. म्हणून तुमच्या चुकीचं टेन्शन घेऊ नका, तुम्ही एकट्या नाही ना उत्तर देत, तुमचं चाळीसातलं एक मत.

आता मशीनला येते तर मला का विचारतात. याचं उत्तर मला फार आवडते म्हणून लांबण लावतो.

समजा तुम्ही इतवारीत एखादं जुनं दुकान शोधून राहिल्या. चार जणांना विचारलं आणि चौघंही म्हणाले, माहीत नाही बा. तिथे वेळ घालवण्यात अर्थ नाही, त्यांना खरंच माहीत नाही. पण समजा पानवाला छातीठोक म्हणाला डावीकडे, शेजारचा बर्तनवाला तितकाच छातीठोक म्हणाला उजवीकडे, आणि रिक्षावाला म्हणाला दोघंही फेकून राहिले, सरळ जा. आता मात्र थांबून पक्की चौकशी करण्यात अर्थ आहे, कारण तिघांपैकी निदान दोघांचं ज्ञान तुम्ही जागेवर दुरुस्त करू शकता.

झूबॉट म्हणून जे मॉडेल आहे, माईक वॉम्स्ली आणि मंडळींचं, ते २०२० च्या रिसर्च पेपरमध्ये हेच करते. एकच फोटो मॉडेलला परत परत दाखवतात आणि दर वेळी आतल्या काही जोडण्या मुद्दाम बंद ठेवतात, म्हणजे एकाच मॉडेलमधून पानवाला, बर्तनवाला, रिक्षावाला सगळे निघतात. सगळे मिळून "सांगता येत नाही" म्हणाले तर फोटोच पुसट आहे, माणसांना दाखवून फार हाती लागणार नाही. सगळे आपापल्या जागी ठाम पण एकमेकांशी भांडून राहिले, तो फोटो माणसांकडे आधी जातो. डेकॅल्स नावाच्या दुसऱ्या एका आकाश सर्व्हेच्या फोटोंमध्ये असंच केलं, ज्यातून मॉडेल सगळ्यात जास्त शिकेल अशा गॅलेक्स्या ४० लोकांना दाखवल्या आणि बाकीच्यांना निदान ५ मतं.

आकडे सांगतो म्हणजे भाच्याला दाखवता येतील. त्या फेरीत ३ लाख १४ हजार गॅलेक्स्यांवर लोकांची ७५ लाख वर्गीकरणं होती. पुढे त्यांच्या जोरावर मशीनने ८७ लाख गॅलेक्स्यांची यादी केली. ८७ लाखांना प्रत्येकी ४० मतं म्हणजे ३४ कोटी ८० लाख. तेवढे कूलर नाहीत नागपुरात.

---

उलटा_झिरो_माईल
रात्री १२:५०

काऊन एवढं टेन्शन घेता मावशी. आमच्या घरी तर पोट्टे एआयले विचारूनच आंघोळ करतात. तुमी पाहा बिनधास्त. फक्त लाईट गेली तं फोटो मिळत नाही आन कूलरही नाही, मंग दोन्हीकडून अंधार 😄

---

बर्डी_ते_अँड्रोमेडा
सकाळी ७:१२

पॅरामीटर भाऊंनी मस्त समजावलं, इतवारीवालं तर मी शाखेत सांगणार आहे (ग्राहकांच्या रांगेत आमचं असंच चालते). पण त्यांनी एक गोष्ट सोडली. मशीनला जे विचारलं नाही ते मशीन सांगत नाही.

हानी व्हॅन आर्केल हे नाव ऐकलं असेल. नेदरलँड्समधल्या शाळेतल्या शिक्षिका. २००७ मध्येच गॅलेक्स्या पाहता पाहता त्यांना एका गॅलेक्सीच्या खाली एक विचित्र निळसर थोटूक दिसलं. विचारलेल्या प्रश्नांत "हे खाली काय सांडलं आहे" असा पर्याय नव्हता. त्यांनी फोरमवर जाऊन विचारलं, हे काय आहे हो? तज्ज्ञांनाही सांगता येईना. पुढे कळलं की तो वायूचा प्रचंड ढग आहे, शेजारच्या आयसी २४९७ या गॅलेक्सीच्या पोटातल्या क्वेसारच्या (मधल्या कृष्णविवराभोवतीचा प्रखर उजेड) प्रकाशाने उजळलेला, आणि गंमत म्हणजे तो क्वेसार आता मंदावला आहे, ढगावर दिसते तो जुना उजेड. दिवा विझून गेला आणि भिंतीवर उजेड राहिला असं काहीतरी. त्याचं नावच हानीज फोरवेर्प पडलं, डच भाषेत फोरवेर्प म्हणजे नुसती वस्तू. २००९ च्या पेपरवर त्या बाईंचं नाव लेखकांमध्ये आहे.

आणि मटार! काही लोकांना फोटोंमध्ये बारके गोल हिरवे ठिपके दिसायला लागले. ते गंमत म्हणून एका धाग्यात जमवत बसले, हिरवा दिसला की आणा इकडे. गोलच तर आहे, मशीन गोल म्हणून पुढे गेलं असतं आणि ते चुकीचंही नव्हतं. पण हे लोक चिवट निघाले, रंगांवरून आणि वर्णपटांवरून चाळणी लावत बसले. शेवटी खगोलशास्त्रज्ञांनी पाहिलं तर त्या लहानशा गॅलेक्स्या, अफाट वेगाने तारे बनवणाऱ्या. दहा लाखांच्या ढिगात अडीचशेच्या आसपास सापडले. तेव्हापासून ग्रीन पीज हे अधिकृत नाव आहे. मला हे वाचल्यापासून मटार सोलताना हसू येते, बायको विचारते काय झालं.

तर ताई तुमची ती निळी कोर. बटण दाबून पुढे गेलात तिथेच चुकलात, उत्तर काय दिलं त्यात नाही. फोटो झाल्यावर शेजारी चर्चेत जायचं बटण असते, ते दाबून दोन ओळी लिहायच्या. पिवळा गोळा आणि बाजूला निळी कोर म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला, कारण गुरुत्वीय भिंग असंच दिसते. समोरची जड गॅलेक्सी मागच्या गॅलेक्सीचा प्रकाश वाकवते आणि मागची ताणून कोर होते. अर्थात नुसता वळलेला हातही असू शकतो, दहातल्या नऊ वेळा आपल्याला भिंग वाटते ते भिंग नसतेच, माझ्याच नावावर असे बरेच फुसके बार आहेत.

बाय द वे शहरात राहून डोळ्याने काही दिसत नाही अशी तक्रार करणाऱ्यांसाठी, पेंचला जा. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, आपल्या घरापासून दोन-अडीच तासावर. अमावस्येच्या जवळची रात्र धरा आणि टॉर्चला लाल पन्नी लावा. देवयानीचा तो पुसट धब्बा नुसत्या डोळ्यांनी पाहिला की फोटोतल्या गॅलेक्सीवर जास्त जीव जडतो.

---

खोक्यात_आयुष्य
सकाळी १०:०५

थोडं कडू बोलतो, राग मानू नका.

मी पावणेदोन वर्ष डेटा लेबलिंगचं काम केलं आहे, कंपनीचं नाव घेत नाही. रस्त्याचे फोटो यायचे आणि प्रत्येक ऑटो, प्रत्येक बाईक, प्रत्येक गाईभोवती खोकं काढायचं. माऊस दाबायचा, कोपऱ्यातून कोपऱ्यात ओढायचा, नाव निवडायचं. एका खोक्याला ठरलेले पैसे, खोकं गाईच्या शेपटीला चिकटून नसलं की रिजेक्ट, पैसे कट. सहा महिन्यांनी मला झोपेत खोकी दिसायची. हे कशासाठी चाललं आहे, कोणती गाडी यावर शिकून राहिली, कोणीच सांगितलं नाही. आणि एक दिवस मेल आला की आता प्री-लेबल मॉडेल आलं आहे, तुम्ही फक्त तपासायचं, रेट निम्मा. मग आणखी दोन महिन्यांनी तोही बंद.

म्हणून भाचा जे बोलला ते मला हसण्यावारी नेता येत नाही. माणसांकडून शिकून घ्यायचं आणि माणसांना सोडून द्यायचं हे मी अंगावर घेतलं आहे. शास्त्रज्ञ चांगले असतील हो, पण पद्धत तीच ना? आणि तिथे निदान पैसे तरी होते.

---

पॅरामीटर_पोहे
सकाळी ११:२०

@खोक्यात_आयुष्य भाऊ, राग कशाचा, तुमचं खरं आहे आणि आमच्याच धंद्याने केलं आहे ते. पद्धत तीच आहे हेही मान्य, तिथेही मॉडेल आल्यावर सोपे फोटो माणसांकडून काढूनच घेतले. फरक मला दोन जागी दिसतो. झूबॉटचा कोड उघडा आहे, कोणीही उतरवून घ्या, लोकांच्या मतांच्या याद्याही उघड्या. तुमची खोकी कोणाच्या तिजोरीत गेली ते तुम्हालाही माहीत नाही. आणि इथे कोणाचं पोट यावर नाही, ताईंनी उद्या सोडलं तर ताईंची एक रात्र वाचेल. पण म्हणून फुकट श्रम हा प्रश्न संपला असं मी म्हणणार नाही. जिथे पगारी माणूस हवा होता तिथे हौशी माणूस बसवला तर ते वाईटच, मग ते आकाशासाठी असो की ऑटोसाठी.

---

लहरींच्या_मॅडम
दुपारी ३:४०

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. पोरांकडून मी ग्रॅव्हिटी स्पाय करून घेते, तिथे गॅलेक्स्या नाहीत, लायगोच्या, म्हणजे गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या अमेरिकेतल्या यंत्रांच्या, डिटेक्टरमधला गोंगाट आहे. २०१६ पासून सुरू आहे.

लायगोचे चार-चार किलोमीटरचे दोन हात, त्यात लेझर, आणि मोजायचा बदल प्रोटॉनच्या जाडीपेक्षाही कितीतरी लहान. साहजिकच कुठे काही खुट्ट झालं तरी नोंद होते. त्या खुट्टला ग्लिच म्हणतात. प्रत्येक ग्लिचचं चित्र काढतात, आडवा वेळ, उभी कंपनसंख्या, आणि ते चित्र लोकांना दाखवतात. नावं पोरांना पाठ आहेत, ब्लिप, शिट्टी, कोई मासा (खरंच माशासारखा दिसतो, तोंड खाली, शेपूट वर). लायगोच्या दोन डिटेक्टरपैकी हॅनफर्डच्या डिटेक्टरला तर एकदा कावळ्यांनी छळलं होतं! थंड नळीवर बर्फ जमायचा, तहानलेले डोमकावळे येऊन तो टोचायचे आणि ती टकटक डेटात उतरायची. नळीवरच्या बर्फात चोचीच्या खुणा सापडल्या तेव्हा उलगडा झाला. मी वर्गात सांगितलं तर मागच्या बाकावरून आवाज आला, मॅडम त्याला माठ आणि खडे द्यायचे होते.

हे टिवल्याबावल्या वाटेल, पण १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची लहर आली तेव्हा लिव्हिंगस्टनच्या, म्हणजे दुसऱ्या, डिटेक्टरमध्ये टक्करीच्या साधारण १.१ सेकंद आधी एक मोठा ग्लिच घुसला होता. त्यामुळे आपोआप इशारा आला तो फक्त हॅनफर्डचा. मग माणसांनी चित्र उघडून पाहिलं तर ग्लिचच्या मागून ती वर चढत जाणारी रेघ स्वच्छ दिसत होती.

इथे माणूस आणि मशीनची वाटणी गॅलेक्सी झूपेक्षा वेगळी आहे आणि मला ती जास्त शहाणपणाची वाटते. नवीन माणूस आला की त्याला आधी ते ग्लिच दाखवतात ज्यांची मशीनला खात्री आहे, आणि प्रकारही दोन-तीनच. म्हणजे पहिल्यांदा मशीन माणसाला शिकवते. माणूस बरोबर येऊ लागला की वरची पायरी, जास्त प्रकार, मशीनला कमी खात्री असलेली चित्रं. सगळ्यात वर अशी चित्रं जी कोणत्याच खणात बसत नाहीत. तिथे लोक एकसारखी दिसणारी चित्रं जमवतात आणि नवीन प्रकार सुचवतात. जोडीची कबुतरं म्हणून एक प्रकार आहे, पेअर्ड डव्हज, तो असाच सामान्य लोकांनी शोधला आणि मग मशीनला शिकवला. म्हणजे शिकवणी दोन्हीकडून. भाच्याला म्हणावं ट्युशनची फी वळती झाली.

आणि हे परदेशातलं म्हणून सोडू नका. लायगो इंडिया आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होऊन राहिलं आहे, एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केले. वाशिमवरून खाली उतरलं की हिंगोली. तिथला गोंगाट आपला असणार, आपला पाऊस, आपले ट्रक, आपले कावळे. अमेरिकेतल्या ग्लिचवर शिकलेलं मशीन तिथे पहिल्या दिवशी किती बावचळेल याची मला आताच उत्सुकता आहे. माझी आत्ताची सेकंड इयरची पोरं तोवर कुठे असतील कोणास ठाऊक, पण कोई मासा ओळखता येणारी असतील.

ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाला एक पुरवणी. एकाची चूक चाळीसात बुडते हे खरं, पण चाळीसच्या चाळीस एकाच बाजूला चुकले तर? असं झालं आहे. गॅलेक्सी झूच्या पहिल्या फेरीत घड्याळाच्या उलट फिरणाऱ्या गॅलेक्स्या सुलट्यांपेक्षा जास्त निघाल्या. विश्वाला डावं-उजवं कळते की काय अशी खळबळ. मग त्यांनी हुशारी केली, काही फोटो आरशातल्यासारखे उलटे करून दाखवले. विश्वात खरंच तसं असतं तर आता सुलट्या जास्त यायला हव्या होत्या. तरीही उलट्याच जास्त! म्हणजे कल आकाशात नव्हता, आपल्या डोळ्यांत नाहीतर मेंदूत होता. अशी मतं न तपासता मशीनला दिली तर ते इमानेइतबारे आपली खोड उचलेल आणि पुन्हा त्यावर टक्केवारी छापून देईल.

---

खोक्यात_आयुष्य
दुपारी ४:१५

कावळ्याचं भारी आहे मॅडम. ते ग्रॅव्हिटी स्पाय लॉगिन न करता पाहता येते का? खोकी नाही ना काढावी लागत?

---

लहरींच्या_मॅडम
दुपारी ४:२२

येते पाहता. पायऱ्या चढायच्या असतील तर खातं काढा. आणि एकही खोकं नाही, नुसतं चित्र पाहून नाव निवडायचं. नाही आवडलं तर बंद करा, कोणी रेट कापत नाही.

---

भाचा_हजर_आहे
संध्याकाळी ७:५५

मावशीने लिंक पाठवली. सगळ्यांसमोर माझा पोपट केल्याबद्दल धन्यवाद.

मी काल तावातावात कॅगलवाला तो जुना डेटा उतरवला, ६१,५७८ फोटो, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये एक साधं मॉडेल ट्रेन करायला टाकलं. म्हटलं मावशीला दाखवतोच. स्कोअर वगैरे बरा आला, गोल गॅलेक्स्यांमध्ये मस्त चालते. मग मी मुद्दाम ते फोटो काढले जिथे मॉडेल सगळ्यात जास्त ठाम पण लोकांच्या मतांपासून लांब आहे. एक फोटो असा की मॉडेल म्हणते नक्षी आहे, हातही आहेत. मी पाहिलं तर कडेला आपल्याच आकाशगंगेतला एक झगमगीत तारा बसला होता आणि त्याचे दुर्बिणीमुळे पडणारे चार किरण गॅलेक्सीवरून गेले होते. ते किरण म्हणजे हात असं त्याने धरलं. लहान पोराने पण तारा म्हटलं असतं.

आणखी एक झोल, मी फोटो फिरवून दाखवायला विसरलो होतो. तोच फोटो ९० अंशात फिरवला की उत्तर बदलत होतं. आकाशात वर-खाली नसते हे मॉडेलला कोणीतरी सांगावं लागते. डीलमनने ते बरोबर केलं होतं म्हणून तो जिंकला असं वाचलं, आणखी पण बरंच काही केलं होतं त्याने.

पण माझा मुद्दा मी पूर्ण सोडत नाही. युक्लिड ही अंतराळातली दुर्बीण रोज १०० जीबीच्या आसपास डेटा पाठवून राहिली आहे. मार्च २०२५ ला जे पहिलं छोटं पॅकेट उघडलं त्यात २ कोटी ६० लाख गॅलेक्स्या होत्या, त्यातल्या ३ लाख ८० हजारांचे आकार ठरवले ते झूबॉटनेच, आणि त्याला शिकवायला ९,९७६ माणसं पुरली. रुबिन वेधशाळेचा कॅमेरा तर ३२०० मेगापिक्सेलचा आहे. मावशी किती रात्री जागणार? दर वर्षी माणसाने पाहायचे फोटो ढिगाच्या मानाने कमीच होत जाणार. मी "घरी बसवणार" म्हटलं ते थोडं जास्त झालं, पण दिशा तीच आहे.

---

बर्डी_ते_अँड्रोमेडा
रात्री ८:३०

@भाचा_हजर_आहे कमी होतील ना, होऊ दे की. त्याच मार्च २०२५ च्या डेटात गुरुत्वीय भिंगाचे ५०० च्या आसपास उमेदवार निघाले. आधी मशीनने चाळले, मग स्पेस वॉर्प्स या भिंगं शोधायच्या साईटवर लोकांनी पाहिले, मग तज्ज्ञांनी. लाखोंमधून मशीनने समोर आणून ठेवलं म्हणून माणसांची नजर फुकट गेली नाही. मला रोज हजार कंटाळवाणे गोळे पाहण्यापेक्षा दहा चमत्कारिक पाहायला आवडेल. उलट मी तर म्हणतो सोपे सगळे घेऊन जाय बावा.

ताई, त्या कोरीचं काय झालं? सापडली का परत?

---

कूलरसमोरची_मावशी
रात्री ११:५६

सापडली! म्हणजे फोटो सापडला. माझ्या खात्यात मागचे पाहिलेले फोटो दिसतात हे मला इतके महिने माहीतच नव्हतं. स्क्रोल करत करत गेली आणि ती आली, पिवळा गोळा आणि नखाची कोर. लॉगिन करून पाहात होते म्हणून बरं.

चर्चेत गेली तर माझ्या आधीच दोघं तिथे होते. एकाने लिहिलं आहे भिंग वाटते, कोरीचा रंग गोळ्यापेक्षा एकदम वेगळा आहे आणि वाक बरोबर गोळ्याकडे आहे. दुसऱ्याने त्याच्या खाली लिहिलं की मग दुसऱ्या बाजूला उलटी प्रतिमा का दिसत नाही, हा शेजारच्या गॅलेक्सीने ओढून काढलेला धागा असेल. पहिल्याने परत लिहिलं की दुसरी प्रतिमा गोळ्याच्या उजेडात बुडली असेल. हे सगळं मी भाच्याला फोन करून वाचून दाखवलं, तो म्हणे तुझा फोटो पाठव माझ्या मॉडेलला विचारतो. विचारलं. मॉडेल म्हणाले गुळगुळीत, ९१ टक्के.

मग मी पण तिथे लिहिलं, मराठीत लिहिणार होती पण भाच्याने इंग्रजी करून दिलं. लिहिलं की कोरीच्या वरच्या टोकाला एक बारीक गाठ आहे, थोडी जास्त उजळ, ती मला पहिल्यांदा दिसली नव्हती, आज ब्राईटनेस वाढवून पाहिली तेव्हा दिसली, तुम्हाला दिसते का?

अजून कोणी उत्तर दिलं नाही. तिकडे दिवस असेल. लाईट एकदा जाऊन आली, कूलरमध्ये पाणी भरायचं आहे, ते भरून येते आणि परत एकदा पाहते.